महाबळेश्वरकडं बदली झालीय? मग मे संपायच्या आत एवढं करा

मी माण तालुक्यातली. आमच्याकडं पाऊस झाला की मुंबईच्या भावाला फोन करून सांगतात, "आज बरा झाला, ओढ्याला पाणी आलं." वर्षाचा हिशेब चारशे-पाचशे मिलिमीटरचा, त्यातलाही मोठा वाटा परतीच्या पावसाचा. अकरा वर्षांपूर्वी जिल्हा परिषदेच्या शाळेवर महाबळेश्वर तालुक्यात बदली झाली तेव्हा घरात सगळ्यांना आनंद. सासूबाई म्हणाल्या, "लोक पैसे देऊन जातात तिकडं, तुला सरकार पगार देऊन पाठवतंय." मी दोन छत्र्या आणि चामड्याच्या नव्या चपला घेऊन आले. जुलै निम्मा सरेपर्यंत एक छत्री उलटी होऊन मोडली, दुसरी वाऱ्यानं दरीत नेली आणि चपलांवर हिरवट लव उगवली.

तेव्हापासून दरवर्षी कुणी ना कुणी नवं येतं. कधी शिक्षक, कधी बँकेतला मुलगा, कधी आरोग्य केंद्रातली सिस्टर. प्रश्न तेच असतात, म्हणून एकदाचं लिहून ठेवते. दोन दिवस येऊन धुक्यात फोटो काढून, मक्याचं कणीस खाऊन परत जाणार असाल तर यातलं काही लागत नाही. जून ते सप्टेंबर इथंच राहायचं आहे, सकाळी साडेदहाला कामावर हजर व्हायचं आहे, पोरांचे कपडे वाळवायचे आहेत, त्यांच्यासाठी हे आहे.

पहिलं काम: पाऊस कुठं किती, ते बघा

सातारा जिल्हा एकच, पण पाऊस गावागणिक वेगळा. महाबळेश्वरला वर्षाला साधारण साडेपाच ते सहा हजार मिलिमीटर. तिथून पूर्वेला अठरा-एकोणीस किलोमीटरवर पाचगणी, तिथं तो दोन हजारांच्या आसपास येतो. पसरणीचा घाट उतरून वाईत गेलात की सातशे-आठशे. आणखी पूर्वेला माणमध्ये पाचशेच्या आत. समुद्रावरून आलेलं वारं सह्याद्रीच्या कड्यावर आपटतं, वर चढताना गार होतं आणि जे काही आणलेलं असतं ते तिथंच टाकतं. पलीकडं उतरताना हात रिकामे. आम्ही माणदेशी लोक त्या रिकाम्या हातांच्या बाजूला.

त्यामुळं "महाबळेश्वरजवळ खोली मिळाली" एवढ्यावर खूश होऊ नका. कड्याच्या कुठल्या अंगाला, किती आत, हे विचारा. नोकरी पाचगणीच्या बाजूला असेल तर आठ-दहा किलोमीटर पूर्वेला घर घेतल्यानं जो फरक पडतो तो कुठल्याही महागड्या रंगानं पडत नाही.

मिलिमीटर म्हणजे किती, हेही एकदा डोक्यात बसू द्या. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर १ लिटर पाणी. माझ्या भाड्याच्या घराचं छप्पर पाचशे चौरस फुटांचं, म्हणजे साडेसेहेचाळीस चौरस मीटरच्या जवळ. २०० मिलिमीटर पाऊस झाला की त्या एवढ्याशा पत्र्यावर नऊ हजार लिटरच्या वर पाणी पडतं. आमच्या गावी टँकर येतो तो दहा हजार लिटरचा. अख्ख्या वस्तीला जो टँकर पुरवून पुरवून वापरायचा, तो इथं एका दिवसात माझ्या डोक्यावर रिकामा होतो आणि अंगणातून कोयनेच्या खोऱ्याकडं निघून जातो. हा हिशेब मी पहिल्या जुलैत हजेरीच्या मागच्या कोऱ्या पानावर केला होता. आईला फोनवर सांगितला तर ती बराच वेळ काही बोललीच नाही.

घर बघताना वास घ्या

मालक नवा रंग दाखवतील. तुम्ही भिंतीतलं कपाट उघडून आत तोंड घाला आणि वास घ्या. कुबट वास रंगानं जात नाही.

मग पश्चिमेची आणि नैर्ऋत्येची भिंत बघा. पाऊस त्याच अंगानं येतो, तोही सरळ नाही, आडवा. या आडव्या माऱ्याला झड म्हणतात. त्या भिंतीला मोठी खिडकी असेल आणि वर छज्जा नसेल तर चार महिने ती खिडकी नाही, नळ आहे असं समजा. जुन्या लोकांची घरं बघा: पश्चिमेला वळचण खाली उतरलेली, भिंत जवळजवळ आंधळी, दार पूर्वेला. बरेच जण पावसाळ्याआधी त्या बाजूला गवताचं किंवा प्लास्टिकच्या कागदाचं आच्छादन बांधतात. घर कुरूप दिसतं, पण आतली भिंत कोरडी राहते. माझ्या पहिल्या घराच्या मालकानं "काही गरज नाही, सिमेंटचा गिलावा आहे" असं सांगितलं आणि मी विश्वास ठेवला. ऑगस्टमध्ये पलंगामागच्या भिंतीवर शेवाळ धरलं. घराच्या आत.

छपराचं म्हणाल तर स्लॅब दिसायला भक्कम, पण सपाट असेल तर पाणी साचतं आणि पाझरतं. त्यावर उताराचा पत्रा टाकलेला असेल तर उत्तम. नुसता पत्रा असेल तर गळत नाही, पण जोराच्या पावसात फोनवर बोलता येत नाही, शेजारी बसलेल्याशीही नाही. कौलं सगळ्यात गोड, फक्त दरवर्षी शाकारणी करणारा माणूस हाताशी हवा आणि ते काम येणारी माणसं आता कमी झालीत.

एक गोष्ट मात्र अजिबात सोडू नका: घराच्या मागं काय आहे ते. चढ कापून जागा केली असेल, मागच्या मातीला आधाराची भिंत नसेल, वरची झाडं खालच्या बाजूला कललेली असतील, तर ते घर स्वस्त मिळालं तरी नको. २०२१ च्या जुलैत, २२ ची सकाळ ते २३ ची सकाळ, महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच दिवसांत पाटण तालुक्यात आंबेघर आणि मिरगावला दरडी घरांवर आल्या, माणसं गेली. पोलादपूरकडं उतरणारा आंबेनळी घाट जागोजागी वाहून गेला. पावसाळ्यात मागच्या उतारावर नवी भेग दिसली, जिथं कधी नव्हता तिथं झरा फुटला, किंवा नेहमीचं स्वच्छ पाणी एकाएकी गढूळ यायला लागलं, तर सामान आवरत बसू नका. पोरं, म्हातारी माणसं आणि कागदपत्रांची पिशवी घेऊन दुसरीकडं जा, मग फोन करा. जिल्ह्याचा आपत्ती कक्ष १०७७, बाकी कशालाही ११२.

मे महिन्यातली बेगमी

किराणा इथंही मिळतो, उपासमार होत नाही. प्रश्न एवढाच की ज्या दिवशी संपेल त्या दिवशी बाहेर पडावंसं वाटणार नाही. म्हणून डाळी, कडधान्यं, तेल, साबण, चहा-साखर अडीच-तीन महिन्यांची भरून ठेवा. मेच्या उन्हात डाळी खडखडीत वाळवा, तूरडाळीला आणि गव्हाला एरंडेलाचा हात लावा, घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात भरा. प्लास्टिकच्या पिशवीला रबर लावून ठेवलेलं काहीही टिकणार नाही.

पीठ मात्र साठवू नका. दोन-तीन किलोच दळून आणा. दमट हवेत ज्वारीच्या पिठाला लगेच वास येतो आणि भाकरी थापताना चिरते. उलटपक्षी लाईट गेली की गिरणीही बंद, तेव्हा डबा अगदी तळाला जाईपर्यंतही थांबू नका.

मिठाला पाणी सुटतं. बरणीच्या तळाशी मूठभर भाजलेले तांदूळ टाका, थोडा फरक पडतो. गूळ पाझरतो, त्याला डबाबंद ठेवा आणि खाली ताटली. कांदा-लसूण मसाल्यात ओला चमचा गेला की संपलं, आठ दिवसांत बुरशी. पापड-कुरडया कितीही झाकल्या तरी थोड्या सादळतातच. तळण्याआधी तव्यावर गरम करून घ्या. काडेपेटी सादळली की गुल नुसता निघून येतो, म्हणून चार काडेपेट्या स्क्रूच्या झाकणाच्या बाटलीत. गॅसची दुसरी टाकी भरलेली हवीच. घाट बंद पडला की टाकीची गाडीही खालीच अडकते.

दही लागत नाही, ही नव्या बायकांची पहिली तक्रार. दिवसा २०-२१ अंश, रात्री १७ च्या आसपास, विरजण लागणार कसं? दूध नेहमीपेक्षा थोडं जास्त कोमट ठेवा, विरजण दुप्पट घाला आणि भांडं टॉवेलात गुंडाळून तांदळाच्या डब्यात पुरून ठेवा. इडलीच्या पिठालाही हीच युक्ती.

मी माहेराहून एक गोष्ट न चुकता आणते, हुलगे. हुलग्याचं माडगं माणदेशात दुष्काळाचं जेवण, पण अंगात ऊब आणायला त्याच्यासारखं काही नाही. इथल्या शेजारणींनी पहिल्यांदा नाक मुरडलं होतं. आता जूनच्या आधी त्याच निरोप देतात, "बाई, येताना हुलगं आना जरा जास्ती."

कपडे

इथं सविस्तर सांगते, कारण चार महिन्यांतली निम्मी भांडणं कपड्यांवरून होतात.

पहिल्या वर्षी मी घरभर दोऱ्या बांधल्या, खिडक्या सताड उघड्या ठेवल्या आणि वाट बघत बसले. चौथ्या दिवशी कपडे पहिल्या दिवसापेक्षा ओले. खालच्या घरातल्या मावशी वर आल्या, दोरीवरचं पातळ चिमटीत धरून बघितलं आणि म्हणाल्या, "आवं बाई, खिडकी लावा आधी. भाईरची हवा पान्यानं भरलीया, ती काय तुमचं पानी पिनार?"

त्यांनी सांगितलं ते शास्त्रालाही धरून आहे. धुक्याच्या दिवशी बाहेरच्या हवेत ओलावा मावेल तेवढा मावलेला असतो. तीच हवा २० अंशांवरून ३० वर तापवली तर तिची आर्द्रता शंभर टक्क्यांवरून पंचावन्नच्या जवळ उतरते, आणि मग ती कपड्यातलं पाणी ओढायला लागते. म्हणजे हवा नुसती हलती असून भागत नाही, तिला ऊब हवी. करायचं असं:

१. घरातली सगळ्यात लहान, पूर्वेकडची खोली कपड्यांसाठी ठरवा. सगळ्या घरात दोऱ्या बांधाल तर सगळं घर ओलं होईल.

२. पिळण्यात कसूर नको. मशीन असेल तर फिरकी दोनदा लावा. हातानं पिळत असाल तर पिळलेला कपडा कोरड्या टॉवेलात गुंडाळून त्यावर उभं राहा.

३. हँगरला लावा, दोन कपड्यांत चार बोटं अंतर ठेवा. खिशाचं अस्तर उलटं बाहेर काढा, वास तिथूनच सुटतो.

४. खिडकी बंद, पंखा चालू, आणि परवडेल ती ऊब. हीटर असेल तर तो कपड्यांपासून दोन हात लांब. तासा-दीड तासानं पाच मिनिटं दार उघडून कोंडलेला दमटपणा बाहेर जाऊ द्या.

५. अर्धवट वाळलेल्यावर इस्त्री फिरवा. गणवेशासाठी हीच वाट. तीन जोड लागतातच, दोनात भागत नाही.

इथल्या घरांत शेगडीत निखारे घालून वर बांबूचं टोपलं पालथं ठेवतात आणि त्यावर बाळाचे लंगोट-झबली वाळवतात. धुराचा मंद वास येतो, कपडा आतून ऊबदार होतो. बघायला सुंदर, आणि उपयोगी. पण बंद खोलीत निखारे ठेवून झोपू नका, कितीही थंडी वाजली तरी. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, आणि झोपेतला माणूस उठतच नाही. शेगडी असेल तेवढा वेळ जागं राहायचं, खिडकीची फट उघडी, झोपताना शेगडी बाहेर.

हवेतला ओलावा ओढणारं यंत्र मिळतं, डीह्युमिडिफायर. बँकेतल्या एका मुलानं आणलं तेव्हा आम्ही हसलो होतो. रोज त्याची टाकी भरून पाणी ओतायला तो अंगणात यायचा तेव्हा हसणं थांबलं. एका खोलीपुरतं बरं आहे, फक्त लाईट असेल तर.

आणि जीन्स गावाकडंच ठेवा. जाड सुती कपडा आठवडाभर वाळत नाही. टेरिकॉट, पॉलिस्टर, पातळ लोकर हेच चार महिन्यांचं. मला सिंथेटिक साड्या आवडत नाहीत, पण इथं आवडीला विचारतंय कोण.

घरातली ओल आणि बुरशी

कपाट, पलंग, पुस्तकांची मांडणी भिंतीपासून चार बोटं पुढं ओढा, पश्चिमेच्या भिंतीला तर काहीच लावू नका. जमिनीवर गादी टाकून झोपायची सवय असेल तर मोडा. सकाळी गादी उलटी केली की खालून घामेजलेली असते. कपाटात वाटीभर कळीचा चुना ठेवतात, तो ओल ओढून भुकटी होतो, मग बदलायचा. लहान मुलं असतील तर त्यांच्या हाताला लागणार नाही असा वरच्या कप्प्यात, कारण तो पाण्यानं तापतो आणि भाजतो.

दाखले, सातबारा, सेवापुस्तकाच्या प्रती घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत, आत सिलिका जेलच्या पुड्या. पुड्या ओलावल्या की तव्यावर मंद गरम करून परत वापरता येतात. माझ्या डीएडच्या गुणपत्रिकेवर पिवळे ठिपके आहेत, ते पहिल्या वर्षीचे.

भिंतीवर बुरशी आलीच तर कोरड्या फडक्यानं झाडू नका, ती घरभर उडते. साबणाच्या पाण्यानं पुसा, मग पातळ केलेलं ब्लीच, आणि नाकाला रुमाल. ब्लीचमध्ये संडास धुण्याचं ॲसिड चुकूनही मिसळू नका, विषारी वायू होतो. ऑइलपेंटचे पोपडे येतात. साधी चुन्याची सफेदी दरवर्षी करावी लागते, पण बुरशी तिच्यावर लवकर धरत नाही.

टीव्ही, लॅपटॉप, मिक्सर रोज थोडा वेळ चालवा. चालती वस्तू स्वतःच्या ऊबेनं कोरडी राहते, झाकून जपलेली बिघडते. भिंतीतलं बटण दाबताना बोटाला मुंग्या आल्या तर ते "ओलीमुळं होतंय" म्हणून सोडू नका. वायरमनला बोलावून अर्थिंग बघून घ्या आणि ईएलसीबी, म्हणजे वीज गळली की आपोआप बंद करणारा खटका, बसवून घ्या.

शाळेतल्यांसाठी खास: खडू सादळला की फळ्यावर उमटत नाही. मी रात्री खडूंचा डबा चुलीजवळ ठेवते. ओलसर हजेरीवर जेल पेन पसरतं, बॉलपेन वापरा.

बाहेर पडताना

छत्री गावात दुकानापर्यंत. उघड्या रस्त्यावर वाऱ्यापुढं तिचं काही चालत नाही. विजार आणि डगला असा दोन तुकड्यांचा रेनकोट घ्या, शिवणीवर आतून पट्टी चिकटवलेली आहे ना बघून. शेतात लावणी करणाऱ्या बायका खताच्या पिशवीची खोळ घेतात. पूर्वी बांबूचं आणि पानांचं इरलं असायचं, वाकून काम करताना पाठ पूर्ण झाकणारं. दोन्ही हात मोकळे राहतात, ही त्यातली अक्कल रेनकोट शिवणाऱ्यांना अजून पुरती आलेली नाही.

पायात गमबूट किंवा रबरी सँडल. चामडं नको, कापडी बूट तर नकोच. पिशवीत कोरड्या मोज्यांचा जोड आणि छोटा पंचा कायम. कामावर पोहोचल्याबरोबर पाय पुसून बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या, नाहीतर चिखल्या होतात आणि मग नुसती चप्पल घालणंही नको वाटतं. रात्री पाय धुऊन, पुसून खोबरेल लावा. चिरा पडल्या, खाज वाढली तर आरोग्य केंद्रातून मलम घ्या.

रानातून वाट असेल तर जळवा लागतील. ओढून काढू नका, मिठाची चिमूट टाका, आपोआप सुटते. फरशीवर, दगडी पायऱ्यांवर हिरवं दिसेल तिथं पाय टाकू नका. आमच्याकडं पावसाळ्यातली बहुतेक हाडं घाटात मोडत नाहीत, न्हाणीच्या दारात मोडतात. आणि पाणी उकळूनच प्या. आजूबाजूला एवढं पाणी असताना पिण्याचं पाणी मात्र गढूळ येतं. एप्रिल-मेमध्ये डोंगरावरच्या कितीतरी वाड्यांना तेही मिळत नाही, हा विरोधाभास मला माणमधून येऊनही पचायला वेळ लागला.

घाट आणि लाईट

साताऱ्याला जायचं तर केळघर घाट उतरून मेढ्यावरून, वाईला जायचं तर पाचगणी आणि पसरणी घाट. दोन्ही वाटा माहीत असू द्या, एक बंद पडली की दुसरी लागते. धुक्यात गाडीचे दिवे खाली, वरचा झोत लावला तर समोर पांढरी भिंतच दिसते. पुढची एसटी दिसली तर तिच्या मागं राहा, ओलांडू नका. ड्रायव्हरला तो घाट पाठ असतो. अंधार पडल्यावर घाट नको. वरून बारीक खडी घरंगळत येताना दिसली तर तिथं थांबून व्हिडिओ काढणाऱ्यांत तुम्ही नसावं.

दुचाकी झाकून ठेवलीत तर आत ओल कोंडते. आडोशाला उघडी ठेवा, साखळीला तेल द्या, रोज पाच मिनिटं चालू करा.

लाईट जाते. तास-दोन तास नाही, कधी दोन-दोन दिवस. मोबाईलचा मनोराही मग गप्प होतो. बॅटरी, पॉवर बँक, मेणबत्त्या आणि सेलवर चालणारा रेडिओ. घरी आधीच सांगून ठेवा की दोन दिवस फोन लागला नाही तर घाबरायचं नाही. मी हे सांगायला विसरले होते, तर माझा भाऊ तिसऱ्या दिवशी म्हसवडहून दारात हजर.

सकाळी पेपरात कोयना, त्याच धरणाजवळचं नवजा आणि महाबळेश्वर इथल्या पावसाचे आकडे बघायची सवय लागेल, लागू द्या. हवामान खात्याच्या भाषेत साडेचौसष्ट मिलिमीटरपासून पुढं जोरदार, ११५ च्या वर अति जोरदार आणि २०४ च्या वर अतिवृष्टीतलाही टोकाचा प्रकार. इथं शंभर मिलिमीटर झाला तर लोक म्हणतात, "आज जरा कमीच हाय." ते ऐकून तुम्हीही निर्धास्त होऊ नका, ऑरेंज, रेड अलर्ट असेल त्या दिवशी घाट टाळाच.

न दिसणाऱ्या उन्हाचं काय करायचं

जुलैत सलग वीस-पंचवीस दिवस सूर्य दिसत नाही. सकाळ, दुपार, संध्याकाळ सगळ्यांचा रंग एकच, राखाडी. पहिल्या वर्षी मला वाटलं मला काहीतरी आजार झालाय. झोप येत राहायची, बोलावंसं वाटायचं नाही, शनिवार आला की बॅग भरावीशी वाटायची. आजार नव्हता, उजेड कमी पडत होता. घरात दिवे कंजुषी न करता लावा, दिवसासुद्धा. उठायची वेळ मोडू नका. महिना होऊनही मन वर येत नसेल तर डॉक्टरांशी बोला, त्यात लाजायचं काही नाही. रक्तातलं ड जीवनसत्त्वही तपासून घ्या.

मला खरा उपयोग झाला तो नक्षत्रांचा. शेजारणी तारखा सांगत नाहीत, नक्षत्रं सांगतात. ७ जूनच्या आसपास मृग, मग आर्द्रा. जुलैच्या पहिल्या आठवड्यात पुनर्वसू लागतं, तो तरणा पाऊस, अंगावर येणारा. वीस जुलैच्या सुमाराला पुष्य, तो म्हातारा, दम न घेता कुरकुरत राहणारा. ऑगस्टच्या सुरुवातीला आश्लेषा, मध्यावर मघा. चार महिने हा एकच पाऊस नाही, आठ-नऊ वेगवेगळे पाऊस आहेत असं समजल्यावर मला मोजायला काहीतरी मिळालं. तरणा-म्हातारा गेले की कठीण भाग गेला.

मधेमधे उघडीप मिळते, कधी वीस मिनिटं, कधी अर्धा दिवस. नवा माणूस ती खिडकीतून बघत बसतो, "आता थांबला बहुतेक, जरा वेळानं जाऊ." मावशींचं यावर एक वाक्य आहे: "ह्यो थांबत नसतोय बाई. दम खातोय. तेवढ्यात उरकायचं." उघडीप दिसली की हातातलं काम टाका, आधी गाद्या-उशा दारात काढा, मग भाजी, मग गिरणी. आणि उघडीप नाही मिळाली तर पावसातच जा. पाऊस थांबल्यावर करू म्हणून ठेवलेलं प्रत्येक काम माझं ऑगस्टात अंगावर आलं आहे.

संध्याकाळी घरात एकटं बसू नका. आषाढ लागला की दर दोन दिवसांनी कुणाच्या तरी घरी आखाड तळला जातो, बोलावतील तिथं जा, नाही बोलावलं तरी वाटीभर काहीतरी घेऊन जा. बांधावरचे टाकळा, भारंगी, करटुली ओळखायला शिका. आधी जाणत्या बाईला दाखवून मगच शिजवा. ओढ्याचे खेकडे कुणी आणून दिले तर नाही म्हणू नका. लावणीच्या दिवसांत चिखलात उतरलात, चार रोपं वाकडी लावलीत, बायका हसल्या, की तुम्ही बाहेरचे राहत नाही.

गणपती झाल्यावर

उत्तरा नक्षत्रात ऊन तिरपं येऊन अंगणात पडतं. त्या दिवशी सुट्टी नसली तरी अर्धी रजा टाका. गाद्या, रजया, पुस्तकं, कपाटाची खणं, सगळं बाहेर. स्टीलचे डबे रिकामे करून उन्हात. भिंतीचं आच्छादन लगेच सोडू नका, हस्ताचा पाऊस गडगडाटासह दुपारून येतो आणि ऑक्टोबरातही भिजवून जातो. तो गेल्यावर प्लास्टिकचा कागद धुऊन, पूर्ण वाळवून, गुंडाळी करून पोटमाळ्यावर ठेवा. घडी घालू नका, घडीवर तो पुढच्या वर्षी फाटतो. सुतळीचं बंडल त्यातच ठेवा, मे महिन्यात ते कधीच सापडत नाही.